गलगंड असलेल्या माणसाचा गळा अचानक दुखू लागतो तेव्हा

डोके आणि धड यांना जोडणाऱ्या वीतभर भागासाठी मराठीत तीन शब्द आहेत. अवघडते, लचकते आणि उशी चुकली की धरते ती मान. बसतो, खवखवतो आणि कोरडा पडतो तो घसा. आणि ज्यात मंगळसूत्र किंवा माळ घालतात तो गळा. थायरॉईड ग्रंथी या तिसऱ्या जागी, समोरच्या बाजूला, कंठमण्याच्या खाली असते. ज्यांची ही ग्रंथी मुळातच वाढलेली आहे, म्हणजे ज्यांना गलगंड आहे, त्यांना एखाद्या दिवशी तिथे अचानक दुखू लागले, तर निम्मा घोळ शब्दांच्या निवडीतच होतो. ‘मान दुखते’ म्हटले की घरातले कोणीतरी बाम चोळून देते. ‘घसा दुखतो’ म्हटले की मिठाच्या पाण्याच्या गुळण्या आणि कोपऱ्यावरच्या केमिस्टकडून आणलेली अँटिबायोटिकची पट्टी सुरू होते. पहिल्या उपायाने नुकसान होऊ शकते आणि दुसऱ्याने आठवडा वाया जातो. त्यामुळे डॉक्टरांपुढे बसल्यावर दुखऱ्या जागेला नाव देण्याऐवजी तिच्यावर बोट ठेवून दाखवावे आणि एक घोट पाणी गिळताना ती जागा वर सरकते का, हेही पाहू द्यावे. थायरॉईड श्वासनलिकेला आणि स्वरयंत्राला चिकटलेली असल्यामुळे गिळताना ती त्यांच्याबरोबर वर जाते; लसिकाग्रंथींच्या गाठी, ज्यांना जुने लोक गंडमाळ म्हणत, त्या सहसा तशा हलत नाहीत.

निरोगी प्रौढ माणसाची थायरॉईड साधारण १५ ते २५ ग्रॅम वजनाची असते आणि ती बाहेरून दिसत नाही. श्वासनलिकेच्या दोन्ही बाजूंना एकेक पाळी आणि मध्ये जोडणारी अरुंद पट्टी, असा तिचा फुलपाखरासारखा आकार असतो. आहारातील आयोडीन वापरून ती संप्रेरके बनवते. प्रौढ माणसाला त्यासाठी दिवसाला सुमारे १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागते. हे न मिळाल्याने होणारा गलगंड एकेकाळी देशात इतका होता की १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू करावा लागला आणि मिठात आयोडीन घालण्याची प्रथा त्यातूनच पुढे रुळली. परंतु समुद्राकाठी राहून, आठवड्यातून चार दिवस मासे खाऊन आणि आयोडीनयुक्त मीठ वापरूनही मुंबईत पुष्कळ जणांना, त्यातही बायकांना अधिक, गलगंड असतोच. कारण ग्रंथी वाढण्यामागे आनुवंशिकता, स्वतःच्याच ग्रंथीवर हल्ला करणारी प्रतिकारशक्ती आणि वयानुसार तिच्यात तयार होणाऱ्या गाठी ही कारणेही असतात.

गलगंड वर्षानुवर्षे हळूहळू वाढतो आणि दुखत नाही. ग्रंथीभोवती एक पातळ, घट्ट आवरण असते. ते सावकाश ताणले गेले तर जुळवून घेते, पण काही तासांत किंवा दिवसांत ताणले गेले, किंवा आत दाह झाला, की वेदना सुरू होते. म्हणून न दुखणारा गलगंड एकाएकी दुखू लागणे याचा अर्थ इतकाच, की आत काहीतरी नवे आणि वेगाने घडले आहे. ते नवे नेमके काय, हे ठरवताना वेदना किती आहे यापेक्षा ती किती वेगाने आली, याचा अधिक उपयोग होतो.

उदाहरण म्हणून लालबागच्या एखाद्या जुन्या चाळीतल्या ५२ वर्षांच्या काकू डोळ्यांसमोर आणू. गळ्यात गाठ आहे हे त्यांना दहा वर्षांपासून ठाऊक आहे. ‘साधीच आहे, घाबरू नका’ असे डॉक्टरांनी सांगितल्यावर सोनोग्राफीचा रिपोर्ट लोखंडी कपाटात गेला आणि त्या गाठीसकट संसारात रमल्या. पहाटे पाणी येते. भरलेली कळशी उचलून पिंपात ओतताना त्यांना गळ्याच्या उजव्या बाजूला कळ आली, आणि आठ वाजेपर्यंत तिथे लिंबाएवढा टणक फुगवटा आला. गिळताना त्रास, त्याच बाजूच्या कानात ठणका, ताप मात्र नाही. हे चित्र गाठीच्या आत झालेल्या रक्तस्रावाचे आहे, आणि जुन्या गलगंडात एकाएकी उद्भवणाऱ्या वेदनेचे हेच सर्वांत नेहमीचे कारण समजले जाते.

रक्तस्राव हा शब्द ऐकून माणूस हबकतो, पण त्यामागची घडण साधी आहे. वजनाच्या मानाने पाहिले तर शरीरात ज्या अवयवांना सर्वाधिक रक्त मिळते त्यांत थायरॉईडचा क्रमांक फार वरचा आहे. तिच्यात गाठ वाढू लागते तेव्हा गाठीला पुरवठा करण्यासाठी नव्या रक्तवाहिन्या फुटतात, आणि त्या घाईघाईने उभ्या केलेल्या बांधकामासारख्या, पातळ भिंतीच्या आणि नाजूक असतात. गाठ मोठी झाली की तिचा मधला भाग उपाशी राहून विरघळतो आणि तिथे द्रवाने भरलेली पोकळी तयार होते. अशा पोकळीच्या काठावरची एखादी वाहिनी फुटली की रक्त आत साठते, आवरण ताणते आणि गाठ काही तासांत दुप्पटही होते. जड उचलणे, जोराचा खोकला, उलटी, शौचाच्या वेळी कुंथणे, गळ्यावर बसलेला धक्का किंवा नुकतीच केलेली सुईची तपासणी ही निमित्ते असू शकतात. पुष्कळदा तर काहीच निमित्त सापडत नाही. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये धोका अधिक असतो. कानातल्या ठणक्याचे कोडेही इथेच सुटते: गळ्याच्या या भागातून आणि कानातून मेंदूकडे जाणाऱ्या काही नसा वाटेत एक होतात, त्यामुळे गळ्यातली वेदना मेंदूला कानातली वाटते. कानात थेंब टाकून ती जात नाही.

साचलेल्या रक्ताचा दाब वाढत गेला की तोच फुटलेल्या वाहिनीला दाबून धरतो, आणि बहुतेक वेळा रक्तस्राव आपोआप थांबतो. पहिल्या एक-दोन दिवसांत वेदना कळसाला पोहोचून मग उतरू लागते. फुगवटा मात्र जिरायला काही आठवडे घेतो. सोनोग्राफीत गाठीच्या आत नव्याने भरलेला गढूळ द्रव दिसतो. दाब फार असेल तर डॉक्टर बारीक सुईने तो ओढून काढतात. रक्त जुने झालेले असेल तर तो द्रव चॉकलेटच्या रंगाचा निघतो. रिकामी केलेली पोकळी पुन्हा भरणे ही नेहमीची गोष्ट आहे आणि त्यात कोणाचा हलगर्जीपणा नसतो. वारंवार भरत असेल, तर पोकळीत अल्कोहोल सोडून ती आक्रसवणे किंवा शस्त्रक्रिया, असे पुढचे पर्याय असतात.

दुसरे मोठे कारण थायरॉईडच्या दाहाचे आहे, आणि त्यावर जरा थांबले पाहिजे, कारण ‘घसा दुखतो’ या एका वाक्यामुळे सर्वाधिक फसगत इथेच होते. सर्दी-खोकल्याची किंवा तापाची साथ येऊन जाते, माणूस बरा होऊन पुन्हा लोकल पकडू लागतो, आणि दोन ते आठ आठवड्यांनी गळ्याच्या एका बाजूला दुखू लागते. वेदना जबड्यापर्यंत आणि कानापर्यंत चढते. शर्टाच्या कॉलरचा किंवा पदराचा स्पर्शही नकोसा होतो. काही दिवसांनी ती बाजू शांत होऊन दुसरी दुखू लागते, आणि वेदनेचे हे सरकणे फारच बोलके लक्षण आहे. सोबत बारीक ताप, अंग मोडून येणे, छातीत धडधड, हातांना कंप आणि कारण नसताना चिडचिड. घसा तपासला तर आत लालसरपणा नाही, टॉन्सिल्स ठीक, तरीही अँटिबायोटिकचे दोन कोर्स होऊन जातात. या आजाराला सबअक्यूट थायरॉयडायटिस म्हणतात. फ्रिट्झ द क्वेर्व्हें या स्विस शल्यचिकित्सकाने १९०४ साली त्याचे सविस्तर वर्णन केल्यामुळे त्याचे नावही या आजाराला जोडले गेले. तो तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये कितीतरी अधिक आढळतो. गलगंड नसलेल्यांनाही होतो. ज्यांना गलगंड आहे त्यांच्या बाबतीत सारा दोष जुन्या गाठीवर टाकला जातो, एवढाच फरक.

यात धडधड का होते, हे समजून घेतल्याशिवाय उपचार कळत नाही. मुंबईतल्या इमारतीची पाण्याची व्यवस्था आठवावी: खालचा पंप पाणी चढवतो आणि ते गच्चीवरच्या टाकीत साठते. थायरॉईड ग्रंथीतही तयार संप्रेरकांचा दोन-तीन महिने पुरेल इतका साठा असतो. जिने पाण्याने वाहू लागले तर दोन शक्यता असतात. एक म्हणजे पंप बंदच होत नाही आणि टाकी भरून वाहते आहे. दुसरी म्हणजे पंप बंद आहे, पण टाकीलाच तडा गेला आहे. पहिला प्रकार ग्रेव्ह्ज डिसीजसारख्या, ग्रंथीला सतत राबवत ठेवणाऱ्या आजारात होतो आणि त्यावर कार्बिमाझोलसारखी, पंप बंद करणारी गोळी चालते. दाहामध्ये दुसरा प्रकार असतो. ग्रंथीच्या पेशी फुटून साठवलेले संप्रेरक रक्तात सांडते, त्यामुळे टी-४ (थायरॉईडचे मुख्य संप्रेरक) वाढलेले आणि टीएसएच (ग्रंथीला कामाला लावणारा मेंदूकडचा निरोप) खाली गेलेले दिसते. केवळ हे दोन आकडे पाहून पंप बंद करणारी गोळी दिली तर ती निरुपयोगी ठरते, कारण पंप आधीच थांबलेला असतो.

पंप चालू आहे की बंद, हे मोजताही येते. किरणोत्सारी आयोडीनची किंवा टेक्नेशियमची अगदी अल्प मात्रा देऊन ग्रंथी ती किती खेचून घेते, हे पाहिले जाते. दाहामध्ये ग्रंथी जवळजवळ काहीच घेत नाही. परळला भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ सालापासून अणुवैद्यकाच्या याच क्षेत्रात काम करते आहे, आणि आता शहरातल्या अनेक रुग्णालयांत ही तपासणी होते. गर्भवती स्त्रियांवर ती करत नाहीत, आणि अंगावर पाजणाऱ्या आईने तसे आधीच सांगावे. दर वेळी तिची गरज पडतेच असे नाही. ईएसआर हा शरीरातल्या दाहाचा अंदाज देणाऱ्या रक्ततपासणीचा साधा, स्वस्त आकडा या आजारात बहुधा पन्नासच्या वर गेलेला असतो आणि तो पाहूनच अनुभवी डॉक्टरांचे निम्मे काम होते.

उपचार दाह शमवण्याचा. सौम्य आजारात आयबुप्रोफेनच्या जातीची वेदनाशामके पुरतात. न पुरल्यास प्रेडनिसोलोन हे स्टेरॉईड देतात, आणि त्याने एक-दोन दिवसांत इतका आराम पडतो की रुग्ण आपणहून गोळ्या बंद करून टाकतो. ही चूक टाळावी. मात्रा काही आठवड्यांत पायरीपायरीने उतरवायची असते, नाहीतर दुखणे परत येते. मधुमेह असेल तर या काळात साखर चढते, हे आधीच लक्षात घ्यावे. धडधडीसाठी प्रोप्रॅनोलॉलसारखी गोळी तात्पुरती देतात. दमा असेल तर तसे सांगितलेच पाहिजे. टाकी रिकामी झाल्यावर काही आठवडे ते काही महिने उलटा खेळ चालतो: संप्रेरक कमी पडते, थकवा येतो, वजन वाढते, टीएसएच वर जाते. बहुतेकांची ग्रंथी वर्षभरात पूर्ववत होते, थोड्यांना मात्र थायरॉईडची गोळी कायमची लागते. म्हणून दुखणे थांबले तरी दर सहा-आठ आठवड्यांनी रक्त तपासत राहावे लागते.

उरलेली कारणे विरळ आहेत, पण त्यांतल्या दोन कारणांत उशीर परवडत नाही. ग्रंथीत पू होणे हे त्यांतले एक. भरपूर रक्तपुरवठा, आयोडीनचा साठा आणि मजबूत आवरण यांमुळे थायरॉईडमध्ये सहसा जंतुसंसर्ग होत नाही. झालाच तर थंडी वाजून जोराचा ताप येतो, वरची त्वचा लाल आणि गरम होते, गिळणे कठीण होते. लहान मुलांमध्ये, विशेषतः डाव्या बाजूला, असा संसर्ग पुन्हा पुन्हा झाला तर घशातून ग्रंथीकडे जाणारी जन्मजात बारीक वाट आहे का, हे शोधतात. दुसरे कारण कर्करोगाचे. वेदना हे थायरॉईडच्या कर्करोगाचे नेहमीचे लक्षण नाही, आणि गळ्यातल्या गाठी बहुतांशी साध्याच असतात. तथापि साठीच्या पुढच्या व्यक्तीचा जुना गलगंड दोन-तीन आठवड्यांत दगडासारखा टणक होऊन झपाट्याने वाढू लागला आणि आवाजही घोगरा झाला, तर ॲनाप्लास्टिक या अत्यंत आक्रमक प्रकाराची शंका घेऊन त्याच आठवड्यात तपासण्या व्हायला हव्यात. रक्तस्राव तासांत वाढतो, दाह दिवसांत, आणि हा कर्करोग आठवड्यांत. तासांचा हिशेब रुग्णाशिवाय दुसरे कोणी सांगू शकत नाही.

गलगंड आहे म्हणून गळ्यातली प्रत्येक वेदना गलगंडाचीच, हे गृहीत धरणेही धोक्याचे आहे. हृदयविकाराचा झटका कित्येकदा छातीऐवजी गळ्यात आणि जबड्यात आवळल्यासारखा जाणवतो, आणि बायकांमध्ये व मधुमेहींमध्ये असे आडवळणाचे रूप अधिक दिसते. पुलाचे जिने चढताना येणारी आणि थांबले की ओसरणारी, घाम फोडणारी, गाठ दाबल्याने न वाढणारी वेदना असेल तर थायरॉईडचा रिपोर्ट शोधत बसू नये, आधी ईसीजी काढावा. एका बाजूच्या मानेत फाटल्यासारखी कळ येऊन डोके दुखणे, पापणी पडणे किंवा बोलणे अडखळणे हे मेंदूकडे जाणाऱ्या धमनीच्या अस्तराला चीर गेल्याचे लक्षण असू शकते. दाताच्या मुळाशी झालेला पू जबड्याखाली उतरला की तोंड उघडत नाही. यांपैकी काहीही असले तरी तातडीच्या विभागातच जायचे आहे, त्यामुळे घरी बसून निदानाचा काथ्याकूट करण्याचे कारण उरत नाही.

तातडी ठरवणारा खरा निकष वेदना नसून श्वास आहे. प्रौढ माणसाची श्वासनलिका अंगठ्याएवढीही रुंद नसते, आणि फुगलेली ग्रंथी तिच्यावरच बसलेली असते. नलिका निम्म्याहून अधिक दबेपर्यंत बसल्याजागी फारसे जाणवत नाही. त्यापुढे मात्र थोडी सूजही भारी पडते. श्वास आत घेताना शिट्टीसारखा किंवा घरघरल्यासारखा आवाज येणे, आडवे पडल्यावर घुसमटून उठून बसावे लागणे, लाळही न गिळता येणे, आवाज एकाएकी बसणे किंवा सूज डोळ्यांदेखत वाढत जाणे, यांतले एक लक्षण दिसले तरी १०८ क्रमांकाला फोन करावा किंवा जे वाहन मिळेल त्याने चोवीस तास शस्त्रक्रियेची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयात जावे. रुग्णाला बसवूनच न्यावे, आडवे करू नये. ज्यांचा गलगंड छातीच्या हाडामागे उतरलेला आहे त्यांनी अधिक सावध राहावे, कारण त्यांची सूज बाहेरून दिसतच नाही. दोन्ही हात डोक्याच्या वर मिनिटभर धरल्यावर चेहरा लालबुंद होत असेल आणि कोंडल्यासारखे वाटत असेल, तर गाठ तिथे उतरली असल्याचा तो संकेत असतो.

असे काही नसेल तर त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी आपल्या डॉक्टरांना दाखवावे. तोपर्यंत गळा चोळू नये, दाबून पाहू नये आणि गरम शेकही देऊ नये. ताज्या रक्तस्रावात उष्णतेने वाहिन्या अधिक रुंदावतात. कापडात गुंडाळलेला बर्फ थोडा वेळ लावता येतो. उशा उंच करून झोपावे. कारण कळेपर्यंत वेदनेसाठी पॅरासिटामॉल बरे. ॲस्पिरिन व तत्सम गोळ्या रक्तस्राव वाढवू शकतात. मात्र हृदयाच्या डॉक्टरांनी रक्त पातळ ठेवण्यासाठी रोज दिलेली गोळी परस्पर बंद करू नये, त्यांना फोन करून विचारावे. थायरॉईडची रोजची गोळी चालू ठेवावी. दुखते म्हणून ती दुप्पट घेतल्याने काही साधत नाही.

तपासण्यांच्या बाबतीत एक छोटी गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. केसांसाठी आणि नखांसाठी घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांमध्ये बायोटिन हे जीवनसत्त्व भरपूर असते आणि काही प्रयोगशाळांच्या पद्धतींमध्ये त्यामुळे टीएसएच खोटे कमी व टी-४ खोटे जास्त येते, म्हणजे दाह नसतानाही दाहाचे चित्र उभे राहते. अशी गोळी चालू असेल तर रक्त देण्यापूर्वी सांगावे. सहसा किमान दोन दिवस ती थांबवायला सांगतात. दुसरी गोष्ट सुईच्या तपासणीची. गाठीत ताजे रक्त असताना केलेल्या एफएनएसीत, म्हणजे बारीक सुईने पेशी काढून तपासण्यात, पेशींपेक्षा रक्तच अधिक येते आणि ‘पुरेसा नमुना नाही’ असा शेरा मिळतो. त्याचा अर्थ ‘सगळे ठीक’ असा नव्हे आणि ‘काही लपवले जाते आहे’ असाही नव्हे. सूज उतरल्यावर सोनोग्राफी पुन्हा करून, गाठीच्या घट्ट भागातून नमुना घेण्याची गरज आहे का, हे ठरवले जाते.

लालबागच्या त्या काकूंच्या बाबतीत सर्वांत उपयोगी पडेल तो कपाटातला जुना रिपोर्ट. त्यात गाठ २.१ सेंटिमीटरची असेल आणि आज ती ३.८ भरली, तर वाढ कालपरवाची आहे की दहा वर्षांत साचत आलेली, हे ठरवायला रेडिओलॉजिस्टला नुसता आजचा आकडा पुरत नाही; गाठीचा घट्ट भाग आहे तेवढाच राहून केवळ पोकळी नव्याने भरली आहे का, हे त्यांना जुन्या वर्णनाशी ताडून पाहावे लागते. सहा आठवड्यांनी पुन्हा मोजल्यावर ती २.६ वर आली, टीएसएच जागेवर असले आणि घट्ट भागात संशयास्पद काही नसले, तर डॉक्टर बहुधा आणखी सहा महिन्यांनी यायला सांगतील, आणि तेव्हा दोन्ही रिपोर्ट सोबत आणायला सांगतील.